भूकंपाचं दार

मी दगडाखाली उभी राहायची नाही. धो धो पाऊस असो की वैशाखातलं ऊन, "काकू, या की कमानीखाली" म्हणून अख्खी पेठ हाका मारो, मी आपली रस्त्यावर. लोक हसायचे. हसू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद, काळ्या दगडाच्या. अण्णा म्हणायचे, तोफ लावली तरी हलणार नाहीत. उजाडल्यावर त्याच भिंतींखालून मला एकटीला जिवंत काढलं. आई, अण्णा, धाकटा भाऊ, सगळे गेले. मी दाराजवळ झोपले होते म्हणून वाचले. बास, त्यावर जास्त बोलायचं नाही मला. एवढंच सांगते की दगडाचं घर म्हणजे मरण, आणि झोपायचं ते दाराजवळ, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

आणि आमच्या लातूरच्या मधोमध ही घड्याळ मंडई! निजामाच्या काळातली, गोल, दुमजली, नुसता काळा दगड आणि चुना. वर मनोरा, मनोऱ्यात घड्याळ, ते कधीचंच बंद. बाहेरगावचे लोक येतात, फोटो काढतात, "काय वास्तू आहे हो" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत जातात. राहायचं आम्हाला आहे ना इथं! मध्यशहराच्या पुनर्विकासाची योजना आली, मंडई पाडून तिथं काचेचं व्यापारी संकुल करायचं ठरलं, तेव्हा 'मंडई हटाव समिती'ची अध्यक्ष कोण, तर मी, महानंदा बिराजदार, डाळीची दुकानदारीण. "आरसीसी कधी पडत नाही, दगड कधी सोडत नाही," हे वाक्य माझंच. पोरंसोरं पाठ म्हणायची.

मंडईसमोर, रस्त्याच्या पलीकडे आमचा नंदादीप टॉवर. पुनर्विकासातली ही पहिली इमारत. अकरा मजले, सगळं सिमेंट-लोखंडाचं. खाली माझं दुकान, तिसऱ्या मजल्यावर घर. आणि नंदादीपची खरी शान म्हणजे भूकंपाचं दार.

त्याचं असं झालं. घर घेतलं तेव्हा झोपायची खोली अगदी आत होती. पुढच्या दाराशी जायचं तर सगळा हॉल ओलांडावा लागायचा. मला डोळ्याला डोळा लागेना. मी उदगीरला मावशीकडे गेले होते तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे बसवराजांनी, खोलीच्या जिन्याकडच्या भिंतीत दार पाडून घेतलं. पलंगावरून हात लांबवला की कडी, कडी काढली की जिना. लग्नानंतर पहिल्यांदा मी सकाळपर्यंत गाढ झोपले.

शेजारच्या हलगे सरांनी ते दार बघितलं आणि स्वतःकडे पाडून घेतलं. मग खालच्यांनी, मग वरच्यांनी. आमच्या भागात भूकंपानं कुणालाच नेलं नाही असं घर दाखवा मला. बघता बघता प्रत्येक मजल्यावर दारं झाली, एकावर एक, सरळ ओळीत. पाहुणे आले की आम्ही आधी ते दार दाखवायचो, मग चहा विचारायचो. अलीकडे दारं घट्ट व्हायला लागली होती. सुताराला बोलावून रंधा मारून घ्यायचो. पावसाळ्यात लाकूड फुगतंच.

तर महापालिकेचे साहेब म्हणाले, नुसत्या भीतीवर जुनी इमारत पाडता येत नाही, शास्त्रीय पुरावा आणा. म्हटलं, आणते की! शास्त्रज्ञ घरातच आहे. माझी लेक शर्वाणी बंगळुरूला एका कंपनीत होती. इमारतींच्या पोटातलं चित्र काढायचं यंत्र ते लोक बनवायचे. तिला फोन केला. "ये, आणि ही मंडई किती पोकळ आहे ते एकदा सगळ्यांना दाखव."

शर्वाणी आली. ट्रंकेएवढ्या चपट्या पेट्या तिनं मंडईच्या तळघरात मांडल्या. मी अर्थातच रस्त्यावरून ओरडत होते.

"अगं, एक्स-रे काढायचा तर त्याचा दिवा कुठंय?"

ती कमानीत येऊन उभी राहिली आणि वर आभाळाकडे बोट दाखवलं. "तिथंय दिवा. फुकटचा."

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. अवकाशातून सारखे किरण येतात आणि वरच्या हवेवर आपटतात. त्यातून म्युऑन नावाचे बारीक कण सुटतात. ते रात्रंदिवस आपल्या अंगावर पडत असतात, आत्ता तुमच्या तळहातातून आरपार चाललेत, तुम्हाला पत्ता नाही. दगड, सिमेंट, लोखंड, सगळ्यातून जातात. पण माल जितका जाड आणि जड, तितके जास्त कण वाटेत अडकतात.

"तू डाळ चाळतेस ना, आई? समज वरून डाळ पडायलीय आणि मध्ये कुणी हात धरला. हाताखाली डाळ कमी पडणार. कुठं किती कमी पडली ते मोजलं की हात न बघताही हाताचा आकार कळतो. बोटांच्या फटी सुद्धा." पेट्या तेच करणार होत्या. कुठल्या दिशेनं किती कण आले ते मोजत बसायचं. पूर्वी अशा चित्राला वर्ष वर्ष लागायचं आणि ते धुरकट यायचं. आता काही आठवड्यांत बारीक फटसुद्धा दिसते म्हणे.

"आणि मंडई पोकळ निघाली नाही तर?" तिनं विचारलं.

"निघंल! तू गप यंत्र लाव."

आठवडे गेले. समितीचे फलक छापून तयार होते. एका सकाळी शर्वाणी दुकानात आली, तुरीच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "आई, मंडई पक्की आहे."

मी हातातलं माप खाली ठेवलं. "यंत्र बिघडलंय तुझं."

"दोनदा तपासलं." तिनं बरोबर आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर भिंतीचं चित्र मोठं केलं. "तुमच्या गावची भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती होत्या. एक बाहेरची, एक आतली, मध्ये नुसती माती आणि गोटे. दोघींना बांधून धरणारं काहीच नाही. हादरा बसला की भिंत उभी फाटायची, आणि वर धाब्याच्या छताच्या मातीचं ओझं. ही बघ मंडईची. हे काळे आडवे पट्टे दिसतात का? भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार गेलेले दगड. थराथराला घातलेत. आणि मातीच्या जागी चुना."

मी बघत राहिले. इतकी वर्षं मी दगडाला शिव्या घातल्या होत्या.

"म्हणजे माझे आई-अण्णा," मी म्हटलं, "चार आडवे दगड घातले नाहीत म्हणून गेले?"

शर्वाणी पोत्यावरून उठली. माझा हात हातात घेतला तिनं. मला वाटलं एवढंच सांगायला आली होती. पण तिनं पडद्यावर दुसरं चित्र काढलं.

"अजून एक दाखवायचंय. अप्पा कुठंयत?"

"गोदामात. काय झालं?"

"आई, ते कण काही फक्त डोक्यावरून सरळ पडत नाहीत. तिरपेही येतात. रस्त्याच्या ह्या बाजूनं तिरपे आलेले कण आपली बिल्डिंग भेदून मंडईच्या तळघरात पोहोचले. कमी आले, पण इतक्या आठवड्यांत पुरेसे जमले. मला काढायचं नव्हतं, पण नंदादीपचं चित्र आपोआप आलं."

पडद्यावर फिकट राखाडी चौकोन होता आणि त्याच्या मधून खालपासून वरपर्यंत गेलेला एक काळाकुट्ट पट्टा.

"हा जिना आणि लिफ्ट ज्या भिंतीत आहेत ती भिंत. भरीव काँक्रीट, आत दाट सळया. इमारतीचा कणा म्हण. भूकंपात इमारत डोलते तेव्हा तिला सावरते ती हीच."

त्या काळ्या पट्ट्यात पांढरे चौकोन होते. एकावर एक, सरळ ओळीत, पहिल्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत.

मला विचारायची गरज पडली नाही. तरी तोंडातून गेलंच. "ही दारं?"

"ती विटांची भिंत नव्हती, आई. प्लास्टर चढलं की वीट काय आणि काँक्रीट काय, बाहेरून सारखंच. मी स्वतः सुट्टीत त्याच दारानं ये-जा केली, मलाही कळलं नाही. आणि आता हे बघ." चौकोनांच्या कडेनं बारीक फिकट रेघा पसरल्या होत्या. "दारांच्या बाजूला ज्या चिंचोळ्या पट्ट्या उरल्या, त्यांच्यावर सगळं ओझं आलंय. त्या आतून फुटायल्यात. यंत्र लावलं तेव्हाचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवलं तर रेघा वाढलेल्या दिसतात. आपली दारं घट्ट होतात ना? लाकूड फुगत नाही. चौकट दबते."

आगं माय! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या डोक्यावर अकरा मजले होते आणि मला प्रत्येक मजल्यावरचं माणूस नावानिशी माहीत होतं.

"भूकंप आला तर?" मी विचारलं.

"मोठा लागणार नाही. आपल्याकडे जमीन अधूनमधून गुरगुरते, तसला एखादा जरा जोराचा झाला तरी भरवसा नाही."

तेवढ्यात हे गोदामातून आले. खांद्यावर रिकामी पोती. पडद्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मी माणूस ओळखते. त्यांना आश्चर्य वाटलंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

पोती खाली ठेवली त्यांनी.

"दार पाडलं त्या दिवशी कळलं," ते म्हणाले. "मिस्त्री म्हणला होता, विटाच हायत, दुपारपर्यंत होईल. कटर लावला तर ठिणग्या उडायल्या. सळया निघाल्या, बोटभर जाड. मिस्त्री थांबला. म्हणला, मालक, काय करू? तू संध्याकाळी येणार होतीस. मी म्हणलो, काप."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगणारच होतो. पण त्या रात्री तू झोपलीस, महानंदा. कड सुद्धा बदलली नाही. मी उठून दोनदा श्वास बघितला तुझा. मग कसं सांगणार? नंतर हलगे सरांनी पाडलं, त्यांना काय सांगू? एका दारानं काय होतंय, दोन दारांनी काय होतंय, असं करत करत…"

मला राग आला की मी ओरडते, सगळ्या पेठेला माहीत आहे. त्या दिवशी मी ओरडले नाही. ह्या माणसानं माझ्या झोपेसाठी सगळ्या इमारतीचा कणा कापला आणि इतकी वर्षं एकट्यानं पोटात ठेवला. मारू की मिठी मारू, कळेना. शेवटी एवढंच म्हटलं, "आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग लावा."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. शर्वाणीनं चित्र भिंतीवर लावलं, डाळीचा दाखला देऊन समजावलं. ह्यांनी उभं राहून सळयांचं सांगितलं, खाली मान घालून. मला वाटलं, आता लोक उठतील आणि सामान बांधतील.

सोसायटीचे अध्यक्ष हलगे सर उठले. गणिताचे मास्तर, तोलूनमापून बोलणारे. "बिराजदारबाई, कालपर्यंत मंडई धोक्याची होती. आज मंडई पक्की आणि नंदादीप धोक्याचा! आम्ही काय समजायचं? तुमच्या लेकीच्या कंपनीला मंडई वाचवायचं कंत्राट मिळालंय का?"

"सर, दारं बुजवायची आणि बाहेरून लोखंडी आधार द्यायचा," शर्वाणी म्हणाली. "काही महिने घरं रिकामी ठेवावी लागतील."

झालं! सगळे एकदम बोलायला लागले. दार बुजवल्यावर पळायचं कुठून? कुठं जायचं पोरंबाळं घेऊन? मागून कुणीतरी माझ्याच सुरात म्हणालं, "आरसीसी कधी पडत नाही!" आणि सगळे हसले. माझंच वाक्य माझ्या तोंडावर बसलं.

चौथ्या मजल्यावरच्या फरजानाभाभींचं मंडईत बांगड्यांचं दुकान. मंडई हटावमुळे आमचं बोलणं वर्षभर तुटलेलंच. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "महानंदा, चित्रबित्र मला कळत नाही. तुला एवढी खात्री असेल तर तू स्वतः त्या मंडईत येऊन झोप. दगडाखाली. मग मी मानते."

सगळे पुन्हा हसले. कारण ते अशक्य होतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उन्हात, सगळे बघत असताना मी गादी खांद्यावर टाकली आणि रस्ता ओलांडला. हे म्हणाले, "मी येतो संगं." म्हटलं, "नको. तुम्ही हलगे सरांकडं जा, हात जोडा, पाय धरा, पण उतरवा त्यांना." शर्वाणी पुढे जाऊन कमानीत उभी राहिली.

कमानीच्या कडेशी माझे पाय थांबले. खोटं कशाला सांगू, मला घाम फुटला. तोंडात तीच धुळीची चव आली, चौथीतली. फरजानाभाभी दुकानातून बाहेर आल्या. माझा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू मावळलं. "राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी थट्टा केली होती."

मी आत गेले. गादी टाकली. आडवी झाले. वर काळ्या दगडाची कमान. शर्वाणीनं माझा हात धरून भिंतीवर टेकवला. "हा बघ. हा आरपार गेलाय." गार दगड होता. मी हात तिथंच ठेवला, डोळे मिटले नाहीत. समोरच्या टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक बघत होते. कुणी हसत नव्हतं. दोघं-तिघं पोरांना घेऊन खाली उतरली, मंडईच्या पायरीवर येऊन बसली. बाकीचे जेवून आडवे व्हायला आत गेले.

आणि जमीन गुरगुरली.

आमच्याकडे ती गुरगुरते, मी सांगितलंच. जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखं वाटतं, भांडी वाजतात आणि संपतं. ह्या वेळी ते जरा लांबलं. मनोऱ्यातल्या घड्याळाचे काटे खडखडले. माझं सगळं अंग "पळ" म्हणत होतं. मी उठले नाही, कारण उठता येईना. वर बघत राहिले. कमानीतून चिमूटभर चुना गळाला, माझ्या कपाळावर पडला. बाकी काही नाही. दगड जागचा हलला नाही.

मग रस्त्यापलीकडून आवाज आले. आधी मला कळेना कसले. धडधड, धडधड, अकरा मजल्यांवरून. कुणीतरी लाकडावर हात आपटत होतं. खूप जण आपटत होते.

"आई," शर्वाणीनं पलीकडं बोट दाखवलं. "दारं."

भूकंप आला की आम्ही काय करायचं ते पोराटोरांनाही पाठ होतं. पुढच्या दाराकडे जायचं नाही, झोपायच्या खोलीतलं दार उघडायचं. सगळी इमारत त्या दारांशी उभी होती आणि एकही दार उघडत नव्हतं.

मी उठले. रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोंबलले, "पुढच्या दारानं या! सोडा ते दार! पुढच्या दारानं!" मंडईतले दुकानदार धावले, फरजानाभाभी चप्पल न घालता धावल्या, सगळे तेच ओरडायला लागलो.

लोक उतरले. कुणी एका पायात चप्पल, कुणी हातात देवाचा फोटो. इमारत उभी होती, पण जिन्याच्या काचेतून भिंतीवरचा तडा दिसत होता, दारावरून दारावर चढत गेलेला. जो तो बाहेर येऊन तेच सांगत होता. दार उघडलं नाही. आमचं दार उघडलंच नाही. हलगे सर बायकोला धरून आले. त्यांचे तळहात सोलवटले होते. माझ्याकडे बघितलं आणि रस्त्यावरच मटकन बसले. फरजानाभाभींनी एकेकाला हाताला धरून मंडईच्या कमानीखाली नेलं. वर्षभर जी इमारत पाडायला निघाले होते, तिच्याखाली माणसं दाटीवाटीनं उभी राहिली.

हे दिसेनात.

मी प्रत्येकाला विचारलं. कुणी म्हणालं, मागे होते. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या माणसांना उतरवायलेत. माझा जीव नुसता उडाला. ज्या माणसाशी कालपासून मी धड बोलले नव्हते, त्याच्यासाठी मी रस्त्यावर उभी राहून शंकराला हाका मारायला लागले.

सगळ्यात शेवटी आले. अंगभर प्लास्टरची धूळ. उजव्या हाताच्या बोटांतून रक्त. मी धावत गेले, दंडाला धरलं, ओढतच कमानीखाली आणलं.

"कुठं होतात हो तुम्ही?"

"आपल्या घरात. सगळे उतरले का बघून गेलो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हणलं, एकदा बघावं. तू आत असतीस तर तुला निघता आलं असतं का."

"मग?"

त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या तळव्यावर कडी होती, आमच्या दाराची, स्क्रूसकट उपटून आलेली.

"नाही उघडलं गं," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मी कडी घेतली, पदरात बांधली. त्यांना गादीवर बसवलं, त्यांची पाठ भिंतीला लावून दिली.

"बसा इथं," म्हटलं. "इथं दारच नाही. नुसती कमान आहे."